विकलेला वेळ आणि केलेले काम

गेल्या हंगामातील गोष्ट आहे. जुमाची नमाज आटोपली होती, लोक आपापल्या घरी, शेतांकडे निघाले होते. आमच्या धामणगाव बढे येथील एक कास्तकार मशिदीच्या ओट्यावर माझी वाट पाहत थांबले होते. गृहस्थ पाचवक्त नमाजी, व्यवहाराला चोख. ते म्हणाले, "मौलानासाहेब, एक मसला विचारायचा आहे. मजूर बाया रोजाने लावल्या तर माझ्या शेताचे निंदण दोन दिवस चालते. त्याच बायांना तेच काम उक्ते दिले, तर पहिल्या दिवशीच दिवस मावळण्याआधी शेत निंदून मोकळे होते. मग रोजाने लावले तेव्हा तो दुसरा दिवस कुठे गेला? ही वेळेची चोरी नाही काय? आणि चोरी असेल तर ती मजुरी हलाल आहे काय?"

प्रश्न साधा वाटला, परंतु उत्तर ओठांवर येईना. मी त्यांच्याकडून एका आठवड्याची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात आमच्या मकतबमध्ये नातवाला सोडायला येणाऱ्या एका आजींशी बोलणे झाले. त्या वर्षानुवर्षे मजुरीला जातात. कोणाच्या शेताचे नाव न घेता मी त्यांना तोच प्रश्न विचारला. त्या सहजपणे म्हणाल्या, "उक्तं घेतलं की त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा उठत नाही आम्ही. दुसऱ्या दिवशी कंबर धरून घरीच पडावं लागतं. रोज उक्तं कोण करील, मौलानासाहेब? अन् केलं तर किती वर्षं करील?"

कास्तकाराचा प्रश्न खरा होता आणि आजींचे उत्तरही खरे होते. दोन्ही बाजू खऱ्या असतात, अशा ठिकाणीच न्यायाची खरी कसोटी लागते. हा प्रश्न केवळ निंदणाचा नाही. आपल्या घरांतील मुले आता फक्त शेतांत राहिलेली नाहीत. कोणी पुण्यात कंपनीत संगणकावर काम करतो, कोणी वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातो, कोणी शिक्षक आहे, कोणी दुकानात नोकर आहे, तर कोणी मोटारसायकलवरून घरोघरी सामान पोचवतो. या सर्व ठिकाणी एक शब्द सतत कानी पडतो : उत्पादकता. ठरावीक वेळात, ठरावीक साधनांनी किती काम निघाले, याचे ते माप. हे माप वाढावे यासाठी कार्यशाळा होतात, पुस्तके निघतात, मोबाइलवर उपाय सांगितले जातात. परंतु वेळ कोणाचा, काम कोणाचे आणि वाढलेले फळ कोणाचे, हा नैतिक प्रश्न त्या गर्दीत क्वचितच विचारला जातो. मुस्लिमासाठी तर तोच पहिला प्रश्न असावयास हवा.

दोन प्रकारचे कामकरी

मदरशात शिकताना 'हिदाया' या हनफी ग्रंथातील मजुरीविषयीचे प्रकरण आम्ही पाठ केल्यासारखे वाचले होते. इमाम मर्गीनानी (रह.) यांचा हा ग्रंथ बाराव्या शतकातील आहे. त्यात कामकऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला 'अजीर-ए-मुश्तरक', म्हणजे ज्याने आपले काम विकले आहे तो. रंगारी आणि धोबी ही त्याची उदाहरणे. कपडा रंगवून होईपर्यंत रंगाऱ्याचा मोबदल्यावर हक्क नाही. मात्र तो काम सकाळी करो की रात्री, भराभर करो की सावकाश, त्यात विचारणा करण्याचा अधिकार मालकाला नाही. दुसरा 'अजीर-ए-खास', म्हणजे ज्याने आपला वेळ विकला आहे तो. महिनाभर सेवेसाठी किंवा मेंढ्या चारण्यासाठी ठेवलेला माणूस हे त्याचे उदाहरण. तो ठरलेल्या वेळी कामासाठी हजर झाला आणि त्याने स्वतःला मालकाच्या स्वाधीन केले की मजुरीचा हक्कदार झाला. मालकाने त्या दिवशी काम दिले नाही, तरीही त्याची मजुरी बुडत नाही.

हे वाचल्यावर आमच्या कास्तकार बंधूंच्या प्रश्नातील अर्धा गुंता सुटतो. उक्ते काम घेणारी बाई ही अजीर-ए-मुश्तरक आहे. तिने शेताचे निंदण विकले आहे, दिवस विकलेला नाही. रोजाने येणारी बाई ही अजीर-ए-खास आहे. तिने दिवस विकला आहे, परंतु त्या दिवसात अमुक इतक्या ओळी निंदीन असा करार केलेला नाही. दोन वेगवेगळे सौदे एकाच तराजूत घालून एकाला चोरी म्हणणे उचित नव्हे. पोत्याने घेतलेला गहू आणि किलोने घेतलेला गहू यांच्या भावात फरक असतो, म्हणून कोणी कोणाला चोर ठरवीत नाही.

मात्र उरलेला अर्धा गुंता तसाच राहतो. रोजाच्या दिवशी कामाची गती किती असावी? याचे उत्तर शरीअतने 'उर्फ' म्हणजे रूढ व्यवहार या तत्त्वावर सोपविले आहे. जे लोकव्यवहारात सर्वमान्य आहे, ते करारात न बोलताही ठरल्यासारखेच असते, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. आपल्या गावात निरोगी, प्रामाणिक मजूर दिवसभरात मधूनमधून विसावा घेऊन, भाकर खाऊन, पाणी पिऊन जितके काम करतो, तितके काम देणे बंधनकारक आहे. उक्त्याची गती ही असाधारण गती आहे. ती रोजाच्या मजुरीत मागता येणार नाही. आणि मालक बांधावरून दिसेनासा झाला की खुरपे खाली ठेवून बसणे, ही गतीदेखील त्या करारात बसत नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) यांचा रोटीवाला

याच प्रकरणात एक उदाहरण आहे, जे विद्यार्थीदशेत मला निव्वळ शाब्दिक कीस वाटले होते. एखाद्याने रोटीवाल्याला सांगितले, "हे दहा मापे पीठ आजच्या आज भाजून दे, तुला एक दिरहम देतो." हा करार योग्य आहे काय? इमाम अबू हनीफा (रह.) म्हणतात, हा करार सदोष आहे. त्यांचे थोर शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.) म्हणतात, तो वैध आहे.

वरवर पाहता यात गैर काय आहे, असे वाटते. काम ठरले आहे, वेळ ठरला आहे, दामही ठरला आहे. परंतु इमामसाहेबांची दृष्टी पुढच्या भांडणाकडे होती. दिवस मावळला आणि पीठ उरले, तर काय? रोटीवाला म्हणेल, "मी माझा दिवस दिला, मजुरी द्या." मालक म्हणेल, "मी काम विकत घेतले होते, ते पूर्ण झालेले नाही." विकले काय गेले, वेळ की काम, हेच स्पष्ट नाही. वेळ विकला असे मानले तर लाभ मजुराचा, काम विकले असे मानले तर लाभ मालकाचा. ज्या करारातच कलहाचे बीज आहे, तो करार त्यांनी नाकारला. शिष्यांनी मात्र असे मानले, की खरा सौदा कामाचाच आहे आणि 'आजच्या आज' हे शब्द फक्त लवकर करण्याच्या विनंतीसाठी आहेत.

आज आजूबाजूला पाहिले की हा रोटीवाला सर्वत्र उभा दिसतो. कंपनीतील तरुणाने नऊ तास हजर राहिले पाहिजे आणि ठरावीक उद्दिष्टही गाठले पाहिजे. उद्दिष्ट नऊ तासांत गाठले गेले नाही तर तो रात्री घरी बसून ते पूर्ण करतो. लवकर गाठले गेले तर मात्र त्याला लवकर घरी जाता येत नाही, पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट वाढते. म्हणजे कमी पडले तर सौदा कामाचा आणि जास्त झाले तर सौदा वेळेचा. दोन्ही वेळा पारडे एकाच बाजूला झुकते. इमाम अबू हनीफा (रह.) यांना हेच भय होते.

आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देणारी रोजगार हमी योजना आपल्या राज्याने उभी केली. वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशभरासाठी तसा कायदा आला. या कामांवर मजुराची हजेरी तर लागते, परंतु मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरते. भुसभुशीत मातीत खणणाऱ्याची आणि कठीण मुरमात कुदळ मारणाऱ्याची मेहनत वेगळी असते, म्हणून दरही वेगळे ठेवावे लागतात. तरीसुद्धा मोजणारा माणूस घाईत असला किंवा त्याने जमिनीचा प्रकार चुकीचा लिहिला, की दिवसभराचा घाम कागदावर निम्मा होतो. मोजमाप वाईट नाही. परंतु मोजणाऱ्याच्या हातात गरिबाची भाकरी असते, याची जाणीव त्याला असली पाहिजे.

वाढलेले फळ कोणाचे?

आधुनिक जगात कामाची उत्पादकता घड्याळ लावून मोजण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत अमेरिकेचे फ्रेडरिक टेलर यांचे नाव अग्रगण्य आहे. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लोखंडाच्या कारखान्यातील एक हकीकत सांगितली आहे. त्यांनी स्वतः लिहिल्याप्रमाणे, पूर्वी एक हमाल दिवसाला सुमारे साडेबारा टन लोखंड उचलून गाडीत भरीत असे. त्यांच्या पद्धतीने तोच हमाल साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळपास चौपट झाले, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक वाढली. मधला फरक कोठे गेला, हे सांगण्यासाठी मोठ्या गणिताची आवश्यकता नाही.

परंतु त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी सांगितली जात नाही. इतके वजन उचलणारा माणूस दिवसाच्या ४३ टक्के वेळच भाराखाली राहू शकतो, उरलेले ५७ टक्के वेळ त्याचे शरीर भारमुक्त असले पाहिजे, असा टेलर यांचाच निष्कर्ष होता. अर्थात घड्याळ हातात घेऊन मागे उभ्या राहिलेल्या माणसालाही शेवटी विश्रांतीचा हक्क मान्य करावा लागला. आमच्या मकतबमधील आजींना ही गोष्ट कंबरेने शिकविली होती.

आपल्या मुंबईनेही हा धडा घेतला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी तेथील कामगाराला आठवड्याचा हक्काचा विसावा ठाऊक नव्हता. पुढे १९२८ मध्ये काही गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत अशी योजना आली. कार्यक्षमता वाढेल, खर्च कमी होईल, असे मालकांचे म्हणणे होते. एका माणसाने तीन माग चालविले तर तिसऱ्या मागावरचा माणूस कोठे जाईल, आणि वाढलेल्या कापडातील आमचा वाटा किती, असे कामगार विचारीत होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. त्या मागांवर मदनपुऱ्यातील मोमीन विणकरही होते. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर आजही आपले हजारो बांधव कापडाच्या नगावर मजुरी घेतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

दिव्य कुरआनमध्ये हजरत मूसा (अ.) यांची मदयनमधील हकीकत आहे. परदेशात निराधार अवस्थेत पोचलेल्या मूसा (अ.) यांनी दोन मुलींच्या जनावरांना मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पाणी पाजले. त्यांतील एका मुलीने आपल्या वृद्ध पित्याला सुचविले, की यांना कामावर ठेवावे, कारण सामर्थ्यवान आणि विश्वासू माणूस हाच कामासाठी सर्वोत्तम. आपण व्याख्यानांतून ही दोन लक्षणे नेहमी सांगतो आणि ती कामकऱ्याला लागू करतो. परंतु त्याच ठिकाणी मालकाचे जे बोलणे आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या वृद्धाने आठ वर्षांची मुदत घातली. दहा पूर्ण करणे मूसांच्या (अ.) मर्जीवर सोडले. आणि लगेच ग्वाही दिली, की मी तुमच्यावर कष्टाचा बोजा टाकू इच्छित नाही. कामकऱ्याकडून सामर्थ्य आणि विश्वासूपणा, मालकाकडून स्पष्ट मुदत आणि न पिळण्याचे वचन. अशा मालकाकडे मूसा (अ.) यांनी आठ नव्हे, अधिक असलेली मुदत पूर्ण केली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारी शरीफमध्ये आहे. दोन वर्षांचे जास्तीचे काम दबावाने मिळालेले नव्हते. ते सौजन्याने मिळाले होते.

माप कमी करणारे

आता मजुराकडे, नोकराकडे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांकडे वळू या. सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांच्या विनाशाची सूचना आहे, जे स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि इतरांना देताना कमी करतात. आपण ती आयत ऐकली की डोळ्यांसमोर किराणा दुकानदार उभा राहतो. परंतु महिन्याच्या एक तारखेला पगाराचा एक रुपयाही कमी न घेणारा आणि त्याच महिन्यात रोज तासभर कामचुकारपणा करणारा माणूस या आयतीत बसत नाही काय? त्याच्या हातात तराजू नाही एवढेच. तो वेळेच्या मापाने मारतो.

यावर एक नेहमीचा बचाव केला जातो : "पगारच इतका कमी आहे, तर काम तितकेच करणार." या बोलण्यात वेदना आहे, ती मी नाकारीत नाही. गरजेपोटी माणूस पडेल त्या दामाला काम स्वीकारतो, आणि त्या गरजेचा फायदा घेणारा मालक अल्लाहसमोर उत्तरदायी आहे. परंतु कमी मजुरीचा उपाय उघडपणे मजुरी वाढवून मागणे, सर्वांनी मिळून मागणे, प्रसंगी काम सोडणे हा आहे. करार मान्य करावयाचा आणि मग मनातल्या मनात तो एकतर्फी बदलून टाकावयाचा, हा उपाय नव्हे. अन्यायाची वसुली चोरून करणारा माणूस हळूहळू चोरीला न्याय म्हणू लागतो. ही सवय पुढे चांगल्या मालकाकडे गेल्यावरही सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आपण धार्मिक म्हणविणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. कामाच्या वेळेत नमाजचे काय, असे तरुण विचारतात. अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांच्या 'रद्दुल मुहतार' या ग्रंथात याची चर्चा आहे. ज्याने आपला दिवस विकला आहे, त्याने फर्ज नमाज अदा करावी. काही विद्वानांच्या मते सुन्नतही अदा करावी. परंतु त्या वेळेत नफ्ल नमाज पढू नये, यावर एकमत नोंदविले आहे. विचार करा. नफ्ल ही इबादत आहे, पुण्याचे काम आहे, तरी ती दुसऱ्याच्या विकत घेतलेल्या वेळेत करण्यास मनाई आहे. जेथे स्वेच्छेच्या नमाजला जागा नाही, तेथे मोबाइलवरील चित्रफितींना आणि चहाच्या तासाभराच्या गप्पांना जागा कोठून येणार? आणि मालकानेही हे ध्यानात घ्यावे, की फर्ज नमाजसाठी लागणारी दहा-पंधरा मिनिटे ही वेळेची चोरी नाही, ती त्या माणसाच्या निर्मात्याचा हक्क आहे.

येथे मला स्वतःचीही एक कबुली दिली पाहिजे. इमाम हाही अजीर-ए-खासच असतो. मकतबचा वेळ मुलांच्या पालकांनी माझ्यावर विश्वासाने सोपविलेला असतो. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी मुले सबक घोकत होती आणि मी मोबाइलवर संदेश वाचत बसलो होतो. एक लहानगा सबक सुनवायला माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि कितीतरी वेळ तसाच उभा होता. मी मान वर केली तेव्हा तो न बोलता परत जागेवर जाऊन बसला होता. त्या दिवशी त्याचे एक पान राहिले. मला कोणी जाब विचारला नाही. कमिटीला कळले नाही, पालकांना कळले नाही. परंतु जो पाहतो, तो पाहतच होता. त्यानंतर मकतबच्या वेळेत मोबाइल घरी ठेवण्याचा नियम मी केला आहे. कास्तकाराला उत्तर देण्यास मी आठवडा का मागितला, त्याचे एक कारण हेही होते. शेतातील बायांना चोर म्हणण्यापूर्वी मला त्या मुलाचे उभे राहणे आठवले.

हदीस-ए-जिब्रीलमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'एहसान'चा अर्थ सांगितला, की अल्लाहची उपासना अशी करावी जणू आपण त्याला पाहत आहोत, आणि ते साधले नाही तर तो आपल्याला पाहत आहे याचे भान राखावे. दुसऱ्या हदीसमध्ये, जी सहीह मुस्लिममध्ये आहे, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान अनिवार्य केला असल्याचे सांगितले आहे. यावरून कामाची एक सोपी कसोटी निघते. मालक बांधावर उभा असताना माझा हात ज्या गतीने चालतो, त्याच गतीने तो गेल्यावरही चालतो काय? साहेब शेजारी असताना आणि नसताना माझ्या कामात फरक पडतो काय? फरक पडत नसेल तर काम कमी होवो की जास्त, ते प्रामाणिक आहे.

बरकत म्हणजे काय?

आपल्या घरांत उत्पादकता हा शब्द नवा असला तरी बरकत हा शब्द जुना आहे. दोन्हींत फरक आहे. उत्पादकता किती निघाले ते पाहते. जे निघाले ते कोणाच्या वाट्याला, कोणाच्या शरीराच्या मोलाने आणि कोणत्या कामासाठी आले, हेही बरकतमध्ये येते. एका हदीसमध्ये असा आशय आहे, की कयामतची घडी येऊन ठेपली असेल आणि तुमच्या हातात रोपटे असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका. उत्पादकतेच्या हिशोबात या रोपट्याचे मोल शून्य आहे. त्याला फळ धरणार नाही, त्याच्या सावलीत कोणी बसणार नाही. तरीही ते लावण्याचा आदेश आहे. यावरून कळते, की इस्लाममध्ये कामाचे मोल केवळ त्याच्या उत्पन्नात नाही. ते करणाऱ्याच्या निष्ठेतही आहे.

म्हणून विश्रांतीचाही हिशोब वेगळा होतो. सूरह नबामध्ये झोपेला विसावा, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला चरितार्थाचे साधन म्हटले आहे. सूरह जुमाने अजान होताच व्यापार थांबवायला सांगितले आणि नमाज आटोपताच पुन्हा पृथ्वीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले. थांबणे आणि कामाला लागणे, दोन्ही आदेश लागोपाठ आले आहेत. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना रात्रभर इबादतीत जागण्यापासून रोखले आणि पालनकर्त्याचा, शरीराचा व कुटुंबाचा असे वेगवेगळे हक्क असल्याची आठवण दिली. प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे खरे ठरविले. इबादतीतही शरीराचा हक्क मारता येत नाही, तर निंदणात, मागावर किंवा संगणकावर तो कसा मारता येईल? मालेगावात शुक्रवारी माग बंद राहतात, तेव्हा काही मीटर कापड कमी निघते हे खरे. परंतु त्या दिवशी बाप मुलांना दिसतो. हा नफा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

आठवड्यानंतरचे उत्तर

पुढच्या जुमाला ते कास्तकार पुन्हा भेटले. मी त्यांना म्हटले, "भाईसाहेब, उक्त्याच्या गतीशी तुलना करून रोजाच्या मजुरीला हराम म्हणता येणार नाही. तुम्ही रोजाने दिवस विकत घेतलात, तर चालीप्रमाणे एका प्रामाणिक दिवसाचे काम मागा, त्याहून अधिक नको. ज्याने तुमच्या पाठीमागे जाणूनबुजून वेळ वाया घालविला, त्याचा तेवढ्या मजुरीवर हक्क नाही, आणि त्याचा हिशोब अल्लाहपाशी आहे. तुम्हाला काम लवकर हवे असेल तर उघडपणे उक्ते द्या. मात्र दर असा ठेवा, की त्या बाईला दुसऱ्या दिवशी घरी पडून राहावे लागले तरी तिची चूल पेटेल. आणि रोजाने लावून उक्त्याच्या गतीची अपेक्षा करू नका, कारण इमाम अबू हनीफांनी ज्या कराराला सदोष म्हटले, तो हाच."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मजुरी मात्र मी बाजाराच्या दिवशी एकदम देतो. रोजच्या रोज देत नाही."

मी त्यांना इब्ने माजामधील ती हदीस सांगितली, जिच्यात मजुराला त्याचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आहे. बुखारी शरीफमधील ती हदीसही सांगितली, जिच्यात अल्लाह अंतिम दिनी ज्या तिघांविरुद्ध स्वतः उभा राहणार आहे, त्यांत मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याचा समावेश आहे. दोघांच्या संमतीने आठवड्याची मुदत ठरली असेल तर हरकत नाही. परंतु ती संमती खरी आहे काय, की तिला विचारलेच गेले नाही, हे त्यांनी स्वतःला विचारावे, एवढेच मी म्हणालो. या हंगामात त्यांच्या शेतात कापसाची वेचणी किलोवर होते आणि संध्याकाळी वजन होताच पैसे हातात पडतात, असे त्याच आजींनी मला परवा सांगितले. काम अधिक निघते की कमी, हे मी विचारले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येक जण कोठे ना कोठे मजूर आहे आणि कोठे ना कोठे मालकही आहे. घरी भांडी घासायला येणारी बाई, दुकानावरचा पोऱ्या, रिक्षावाला, गवंडी, हे सर्व आपले काम करतात तेव्हा आपण मालक असतो. प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना ताकीद दिली होती, की हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांना झेपणार नाही ते काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादलेच तर स्वतः हातभार लावा. तेव्हा आज संध्याकाळी घरात बसून दोन प्रश्न एकमेकांना विचारू या. मी ज्याचा वेळ विकत घेतला, त्याला मी पिळले काय? आणि मी ज्याला माझा वेळ विकला, त्याला तो पुरा मोजून दिला काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच न्यायालयात द्यावयाची आहेत.

हे अल्लाह, आमच्या हातांच्या कष्टांना हलाल आणि बरकतपूर्ण कर. आम्हाला मापात कमी करणाऱ्यांत आणि कोणाच्या शरीराचा हक्क मारणाऱ्यांत गणू नकोस. आमीन.